नोटीस ९० दिवसांची, नवी कंपनी म्हणते २३ मार्चला या. बोलणी कशी करावीत?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत ५ एप्रिल २०२१ पासून कामाला आहे. खराडीतल्या दुसऱ्या कंपनीकडून ऑफर लेटर हातात आलं आहे. काम आवडीचं, पगारही चांगला वाढतोय. अडचण एकच. माझ्या नेमणूकपत्रात ९० दिवसांची नोटीस आहे आणि नव्या कंपनीला मी २३ मार्चला हवा आहे. येत्या गुरुवारी, म्हणजे ५ फेब्रुवारीला राजीनामा टाकला तरी शेवटचा दिवस ६ मे येतो.

सध्या क्लायंटच्या बिलिंगवर आहे (माझ्या कामाचे पैसे क्लायंट मोजतो), बेंचवर (प्रकल्पाविना बसून) नाही. ग्रॉस महिना १ लाख २० हजार, त्यात बेसिक ६० हजार. मॅनेजरशी संबंध चांगले आहेत, अजून काही बोललेलो नाही. थेट एचआरला मेल टाकू की आधी मॅनेजरशी बोलू? बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटका, मागू का? लवकर सोडा म्हटलं तर रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडकवतात असं ऐकून आहे. घरात गृहकर्जाचा हप्ता चालू आहे, त्यामुळे मधे एकही महिना बिनपगारी जाऊन चालणार नाही. ज्यांनी हे केलंय किंवा जे टेबलाच्या पलीकडे बसतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कऱ्हाकाठ

अभिनंदन! आधी मॅनेजर. एचआर कधीही स्वतःहून तारीख अलीकडे आणत नाही. सविस्तर रात्री लिहितो.

अवनी_क

मी गेली अनेक वर्षं एचआरमध्ये आहे, आयटीतच. पलीकडच्या बाजूने लिहिते.

पहिलं काम म्हणजे नेमणूकपत्र काढून नोटिशीचं कलम शब्दशः वाचणं. त्याचे साधारण तीन प्रकार असतात. एकात लिहिलेलं असतं की कोणत्याही बाजूने ९० दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा पगार. इथे पैसे भरून निघण्याचा हक्क तुमच्याकडे आहे. दुसऱ्यात हीच सोय कंपनीच्या मर्जीवर ठेवलेली असते, म्हणजे पैसे घेऊन सोडायचं की पूर्ण दिवस काम करून घ्यायचं हे कंपनी ठरवणार. तिसऱ्यात पैशाचा उल्लेखच नसतो. बहुतेक मोठ्या कंपन्या दुसऱ्या प्रकारात मोडतात. तुमचं कलम कोणतं आहे त्यावर तुम्ही मागणी करताय की विनंती, हे ठरतं आणि मेलची भाषाही त्यानुसार बदलते.

आता आत काय चालतं ते सांगते. पोर्टलवर राजीनामा टाकला की सिस्टीम आपोआप ९० दिवसांनंतरची तारीख धरते. ती बदलायचा अधिकार आमच्याकडे नसतो. रिपोर्टिंग मॅनेजरने लवकर मोकळं करण्याची शिफारस करायची, डिलिव्हरी हेडने (प्रकल्पांच्या वरिष्ठ प्रमुखाने) मान्य करायची, मग आमच्याकडे कागद येतो. आम्ही पाहतो ते एवढंच, की जागी माणूस मिळाला का, क्लायंटला कळवलं का, आणि न केलेल्या नोटिशीच्या दिवसांची वसुली करायची की माफ करायची. म्हणून थेट एचआरला मेल टाकलात तर उत्तर एकच येईल, "धोरणानुसार ९० दिवस."

राजीनाम्याच्या पत्रातच तुम्हाला हवी असलेली तारीख लिहा. पुष्कळ जण राजीनामा वेगळा टाकतात आणि तारखेबद्दल चहाच्या टपरीवर तोंडी बोलतात. त्या बोलण्याचा कुठेही माग राहत नाही. मधे मॅनेजर बदलला तर सगळं पहिल्यापासून.

खडकवासला

अवनीताईंशी शंभर टक्के सहमत. मी टीम लीड आहे, माझ्याकडे असे राजीनामे येतात, म्हणून माझ्या डोक्यात त्या वेळी काय चालतं ते लिहितो.

माणूस समोर बसून "सर, मला लवकर सोडा" म्हणाला की मला फक्त रिकामी जागा दिसते. क्लायंटला काय सांगू, त्याच्या वाटचं काम कुणावर टाकू, महिनाअखेरीला रात्री फोन कोण उचलणार. या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन जो येतो, त्याच्यासाठी मी वर भांडतो. गेल्या वर्षी टीममधल्या एका मुलीने जे केलं ते मी आता सगळ्यांना दाखवतो.

राजीनाम्याबद्दल बोलायला येताना ती एक एक्सेल शीट घेऊन आली. तिच्याकडचं प्रत्येक काम एका ओळीत. पुढे ते काम किती वेळाने येतं, सध्या तिच्याशिवाय कुणाला जमतं, शिकवायला किती बैठका लागतील आणि कुठल्या तारखेपर्यंत दुसऱ्याने एकट्याने करून दाखवलेलं असेल. एक ओळ मला अजून आठवते. महिनाअखेरीचा रिकन्सिलिएशन जॉब, म्हणजे हिशेब ताडून पाहणारा प्रोग्रॅम. बँकेची फाइल उशिरा आली की तो अर्धवट चालून थांबतो आणि मग कुठलं टेबल साफ करून कुठल्या पायरीपासून पुन्हा चालवायचा, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. तिने लिहिलं होतं, "या महिनाअखेरीला मी चालवते, तो शेजारी बसेल. पुढच्या महिनाअखेरीला तो चालवेल, मी शेजारी बसेन. त्यानंतर माझी गरज नाही." तिने मागितलेली शेवटची तारीख त्या दुसऱ्या महिनाअखेरीच्या चार दिवस पुढची होती. मला नाही म्हणायला काही उरलंच नाही. डिलिव्हरी हेडला मी तीच शीट पाठवली.

तेव्हा निशिगंध, "४५ दिवसांत सोडा" असं मागू नका. तारीख मागा, आणि ती तारीख कामाच्या वेळापत्रकातून आलेली असू द्या. रिलीज कधी आहे, महिनाअखेर कधी आहे, क्लायंटचा आढावा कधी आहे ते पाहून ठरवा.

बिलिंगवर असल्यामुळे थोडं जड जाईल हे खरं. बेंचवरच्या माणसाला कंपनी स्वतःहून लवकर मोकळं करते. बिलिंगवरचा माणूस गेला आणि बदली मिळाली नाही तर क्लायंट ती जागाच बंद करू शकतो. मॅनेजरला सगळ्यात जास्त धास्ती त्याची असते. टीममध्ये तुमच्या जागी उभं राहू शकेल असं कुणी असेल तर त्याचं नाव तुम्हीच सुचवा.

जमाखर्च

पेशाने सीए. आकडे मांडतो.

पुढेमागे वसुली झालीच तर ती ग्रॉसवर की बेसिकवर, हे नेमणूकपत्रात बघा. फरक दुपटीचा आहे. तुमच्या आकड्यांवर न केलेल्या ४५ दिवसांचे (२२ मार्च ते ६ मे) ग्रॉसने १ लाख ८० हजार होतात, बेसिकने ९० हजार.

नवी कंपनी बायआउटचे पैसे देते म्हणाली तर ती रक्कम तुमच्या हातात करपात्र पगार म्हणून येते. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलात तर उपकरासह २०.८ टक्के. १ लाख ८० हजारांतले ३७,४४० रुपये करात जातात. म्हणून ऑफरवर बोलतानाच विचारा, रक्कम करासकट भरून देणार का? आणि बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट असते, तीही वाचा.

जुन्या कंपनीने कापलेल्या नोटिशीच्या पैशाचं काय? कंपनी सहसा फॉर्म १६ मध्ये पूर्ण पगार दाखवते आणि कापलेली रक्कम वजा धरत नाही. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये एका प्रकरणात कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता, की जो पगार हातात आलाच नाही त्यावर कर नको. पण हे रिटर्नमध्ये मागताना सल्लागाराला विचारूनच करा, खात्याकडून प्रश्न येऊ शकतो.

आणखी एक. नोटिशीच्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक क्रमांक १७८ दाखवा. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. काही कंपन्यांच्या हिशेबात तो अजूनही डोकावतो.

वामा

निशिगंध, तुमची रुजू तारीख वाचली आणि थबकले. ५ एप्रिल २०२१! म्हणजे ४ एप्रिल २०२६ ला पाच वर्षं पूर्ण होतात. तुम्ही २२ मार्चला बाहेर पडायचं म्हणताय. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे पाच वर्षं नोकरी झाल्यावर सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेचा, विचार केला आहे का?

जमाखर्च

वामाताई, फार मोलाचं बोललात. माझ्या नजरेतून सुटलं होतं.

ग्रॅच्युइटीचं सूत्र म्हणजे शेवटचा मासिक पगार (इथे बेसिक आणि महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ६० हजारांवर पाच वर्षांचे होतात सुमारे १ लाख ७३ हजार, आणि २० लाखांच्या मर्यादेपर्यंत करमुक्त. बायआउटच्या चर्चेत आपण जेवढ्या रकमेबद्दल बोलतोय जवळजवळ तेवढीच ही आहे.

पाचव्या वर्षात २४० दिवस काम झालं (पाच दिवसांचा आठवडा असलेल्या ठिकाणी १९० दिवस) की ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. त्या हिशेबाने तुम्ही मार्चमध्येही पात्र ठरता. पण सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत. काही जण सरळ पाच पूर्ण वर्षांवर अडून बसतात आणि मग नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करत बसावं लागतं. वादात पडण्यापेक्षा ४ एप्रिल ओलांडून बाहेर पडणं केव्हाही चांगलं. लक्षात ठेवा, पैसे भरून वाचवलेले नोटिशीचे दिवस नोकरीत धरले जात नाहीत. काम केलेले धरले जातात.

खडकवासला

मग तर तारीख तयारच झाली. शुक्रवार १० एप्रिल. मार्चअखेर तुमच्या हातून पार पडते, एप्रिलचा पहिला आठवडा हस्तांतराला मिळतो, पाच वर्षंही पूर्ण होतात. मॅनेजरला आर्थिक वर्षाची अखेर तुमच्याशिवाय काढावी लागत नाही, हे त्याच्यासाठी फार मोठं आहे. नव्या कंपनीकडून २३ मार्चऐवजी सोमवार १३ एप्रिल मागा. तीन आठवड्यांसाठी ते ऑफर मागे घेतील असं मला वाटत नाही, त्यांच्याकडेही बाकी सगळे ९० दिवसवालेच येतात.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. वामाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज नव्या कंपनीच्या रिक्रूटरशी बोलतो. कलमही वाचलं, अवनीताई म्हणतात तो दुसरा प्रकार आहे, कंपनीच्या मर्जीवर. वसुली "ग्रॉस वेतनावर" असं लिहिलं आहे.

एक प्रश्न राहतोच. त्यांनी ठाम नाही म्हटलं आणि मी १० एप्रिलला गेलोच, तर काय करू शकतात?

अॅड_रेवा

सामान्य माहिती म्हणून लिहिते. तुमचा कागद पाहिल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

९० दिवस हा आकडा कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही, तो करारातून येतो. करार मोडला तर भरपाई मागता येते, पण न्यायालय तुम्हाला खुर्चीत बसून काम करायला लावू शकत नाही. वैयक्तिक सेवेच्या कराराची तशी अंमलबजावणी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ खाली होत नाही. भरपाईसुद्धा करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी असावी लागते.

पण म्हणून "मग जाऊनच टाका" असं मी कुणालाही सांगणार नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा २ लाख रुपये, हा बाँड वैध ठरवला. तो बाँडचा खटला होता, नोटिशीचा नव्हे. तरीही सही केलेली अट सहज झटकता येते असं धरून चालू नका. प्रत्यक्षात कंपन्या खटला क्वचितच भरतात. त्या तुम्हाला "फरार" दाखवतात आणि रिलीव्हिंग लेटर देत नाहीत. पुढच्या कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत ते वर येतं. या एका कारणासाठी सहमतीने निघणं मोलाचं.

पैशांबाबत मात्र बाजू आता भक्कम झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्याचं देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे. "फुल अँड फायनल (शेवटचा सगळा हिशेब) ४५ दिवसांनी" हे आता कंपनीने गृहीत धरू नये. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस.

मुख्याध्यापिका_निवृत्त

मंडळी, आयटीच्या बाहेरचा एक अनुभव देते, कारण इथे शिक्षकही वाचतात.

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांमध्ये हे सगळं १९८१ च्या नियमावलीने बांधलेलं आहे. कायम शिक्षकाला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस, तात्पुरत्याला एका महिन्याची. मूळ १९७७ च्या कायद्यातली पद्धत अशी की राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला आणि दुसरी स्वतःजवळ. हे शिक्षकाच्या संरक्षणासाठी आहे. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन नंतर राजीनामे "मिळाले" म्हणण्याचे प्रकार पूर्वी होत. आणि सुट्टीत किंवा सुट्टी नोटिशीत येईल अशा बेताने राजीनामा देता येत नाही.

तेव्हा शिक्षकांनो, मे महिना नोटिशीत ढकलण्याचा विचार असेल तर तो सोडा. संस्थेशी आधी बोला. वर्षाच्या मध्यात वर्ग उघडा पडणार नाही याची सोय तुम्ही सुचवलीत तर बहुतेक संस्था समजून घेतात. मी स्वतः मुख्याध्यापिका असताना घेतलं आहे.

स्टुटगार्टकर

जर्मनीत कायद्याने कर्मचाऱ्याची नोटीस चार आठवडे, तीही महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी. करारात मात्र सर्रास तीन महिने असतात. इथे लोक दोन गोष्टी करतात. उरलेली रजा शेवटच्या आठवड्यांत घेऊन प्रत्यक्ष काम लवकर थांबवतात, किंवा दोन्ही बाजूंच्या सहीने करार संपवायचं पत्र करतात आणि तारीख त्यात लिहितात. दुसरी नोकरी हातात नसताना अशी सही केली तर बेरोजगार भत्ता सहसा १२ आठवडे अडतो, इकडे असणाऱ्यांनी तेवढं सांभाळा.

कऱ्हाकाठ

उशिरा आलो, बरंच लिहून झालंय. सुटलेल्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

नोटिशीत आजारपणाची रजा घेतली तर बऱ्याच कंपन्या शेवटची तारीख तेवढी पुढे ढकलतात. व्हेरिएबल पेचा (पगाराच्या कामगिरीवर ठरणाऱ्या भागाचा) महिना जवळ असेल तर तो खात्यात पडल्यावरच राजीनामा द्या, नोटिशीवर असणाऱ्याला तो न देण्याची अट पुष्कळ ठिकाणी आहे. आणि जुन्या ठिकाणची शेवटची तारीख नव्या ठिकाणच्या पहिल्या तारखेवर चढू देऊ नका. एकाच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) दोन्हीकडून पीएफ जमा झाला की ते नोंदीत कायमचं दिसतं.

मॅनेजरने थांबायला पगार वाढवून देऊ केला तर काय करायचं, हे घरून ठरवून जा. तिथे बसून विचार करतो म्हणालात की तारखेची बोलणी तिथेच थांबतात, दोन आठवडे त्यातच जातात आणि नोटीस काही कमी होत नाही.

आणि नव्या ऑफरमध्ये नोटीस किती आहे? सही करायच्या आधी बघा. ६० करून मागा, किंवा "नोटीस किंवा पगार, कर्मचाऱ्याच्या इच्छेनुसार" हे शब्द मागा. तुम्ही त्यांना हवे आहात तोवरच हे मागता येतं.

तन्वी_एस

माझ्यासारख्या नव्यांसाठी विचारते. मला नोकरीत वर्षही झालेलं नाही आणि नोटीस ९० दिवसांचीच आहे. मॅनेजर फोनवर "सोडतो, सोडतो" म्हणतात, पण पोर्टलवर काही करत नाहीत. नवी कंपनी रोज तारीख विचारते. काय करू?

अवनी_क

तन्वी, आज संध्याकाळी त्यांना चार ओळींचा मेल टाक, एचआरला कॉपी ठेवून. "आपलं आज फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे आपण मला अमुक तारखेला मोकळं करण्यास तयार आहात. हस्तांतराचा तक्ता सोबत जोडला आहे. पोर्टलवर मंजुरी अमुक दिवसापर्यंत मिळाली तर मला पुढे कळवता येईल." तक्रारीचा सूर नको, मागच्या फोनचा हिशेबही नको. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी त्याच मेलवर डिलिव्हरी हेडना जोडून आठवण कर. दरम्यान नव्या कंपनीला खरं काय ते सांग. "मंजुरी प्रलंबित आहे, अमुक दिवशी नक्की सांगते." पोर्टलवर दिसत नाही तोवर त्यांना तारीख पक्की म्हणून देऊ नकोस.

निशिगंध

कळवायला आलो. नव्या कंपनीने १३ एप्रिल मान्य केली, तसा मेलही आला. त्या मेलनंतरच राजीनामा टाकला, पत्रातच १० एप्रिल लिहून. मॅनेजरशी शीट घेऊन बोललो. त्यांनी पहिला प्रश्न मार्चअखेरीचाच विचारला, आणि ती मीच काढणार म्हटल्यावर शिफारस केली. डिलिव्हरी हेडची मंजुरी अजून यायची आहे.

नोटिशीचे उरतात २६ दिवस, ६ मेपर्यंतचे. माझ्या खात्यात अर्जित रजा शिल्लक आहे. ती या २६ मधून वळती करून घेऊ की रजेचे पैसे घेऊ?

जमाखर्च

वसुली होणार की माफ होणार, यावर ते अवलंबून आहे. तुमच्याकडे वसुली ग्रॉसवर, म्हणजे दिवसाला ४ हजार. रजेचे पैसे बहुतेक ठिकाणी बेसिकवर मिळतात, म्हणजे दिवसाला २ हजार. वसुली होणार असेल तर रजा वळती करण्यात दिवसामागे २ हजारांचा फायदा. वसुली माफ झाली तर रजेला हात लावू नका, पैसे घ्या. नोकरी सोडताना मिळणारे रजेचे पैसे ठरावीक मर्यादेत करमुक्त आहेत, त्याची कमाल आता २५ लाख.

डिलिव्हरी हेडच्या मंजुरीत "वसुलीसह" की "वसुलीविना" हे शब्द बघा. काहीच लिहिलं नसेल तर एचआरला विचारून मेलवर घ्या, आणि रजेचा अर्ज त्यानंतर करा.